अंधारात उगवलेलं धान

मुलं जोडीजोडीनं चालत होती आणि एकही बोलत नव्हतं. चौदा मुलं. येडशी स्टेशनच्या वाटेनं दीड मैल आलो, तरी मला फक्त धुळीत पडणारी पावलं ऐकू येत होती.

मी खरं तर मास्तर नव्हतो. हैदराबादला इंटरला शिकत होतो. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिलाच. गडबडीत कॉलेज बंद पडलं, गावी परतलो, आणि आधीचे मास्तर निघून गेल्यामुळं शाळा माझ्या गळ्यात आली. पोलीस ॲक्शनला जेमतेम महिना झाला होता. स्टेशनजवळच्या जुन्या जकातनाक्यावर नेपाळी जवानांचा कँप होता. आपला दसरा, तेव्हाच त्यांचा दसैं. त्या दिवशी थोरांनी लहानांना टिळा लावायचा असतो. पण कँपात लहान कोण असणार? म्हणून नायब तहसीलदारांनी मला बोलावलं.

"पहिलीची मुलं घेऊन जा."

"साहेब, आईबाप पाठवायचे नाहीत. खुकरी एकदा उपसली की रक्त पाहिल्याशिवाय आत जात नाही, असं गावात म्हणतात."

"म्हणूनच जायचं. भीती मोडली पाहिजे. शिस्त तेवढी ठेवा."

लहान मुलं बाहेर न्यायची तर जोड्या करतात. ज्यानं त्यानं जोडीदाराचा हात धरायचा, तो दिसेनासा झाला की मास्तरला सांगायचं. मी त्यात माझी भर घातली. "वाटंत न्हाय, कँपात न्हाय, एक शब्द बोलायचा न्हाय."

निघताना हौसाची आई आडवी आली. हौसा सहा वर्षांची. तिचा बाप भादव्यात गोळी लागून गेला. कुणाची गोळी, ते गावात कुणी बोलत नव्हतं. सुतक म्हणून यंदा त्यांच्या घरी घटही बसला नव्हता.

"मास्तर, माज्याकडं एवढीच राहिलीया," ती म्हणाली. "मोजून नेताव, तसं मोजून आना."

कँपात जवानांनी उंच बांबूंचा झोका बांधला होता. एकेक मूल बसवून ते झोका देत. मूल आभाळात जाऊन यायचं, पण ओरडायचं नाही. डोळे मात्र मोठे व्हायचे. एक जवान हसत म्हणाला, "मास्टरजी, ये बच्चे हैं या फोटो?" मला हसू आलं नाही.

टिळ्यासाठी ओळ लावली आणि मोजलं. तेरा.

पुन्हा मोजलं. हौसा नव्हती. तिची जोडीदार काशी रिकामा हात तसाच धरून उभी होती.

"काशे, हौसा कुठाय?"

काशीनं ओठ घट्ट मिटले.

"अगं, बोल!"

"तुमीच बोलू नगा म्हनलाव."

"आता बोल."

तिनं बोट दाखवलं. नाक्याची कोठडी. दारात पहाऱ्यावर जवान.

त्या कोठडीत त्यांनी नऊ दिवसांपूर्वी जव पेरले होते. आपण घटात धान पेरतो तसेच, फक्त उजेड न दाखवता. पुजाऱ्याशिवाय आत कुणी जात नाही, बाईमाणसानं तर मुळीच नाही. हे कँपच्या सुभेदारांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. मुलांना सांगायचं माझ्याकडून राहिलं.

पहारेकरी शपथेवर म्हणाला, "यहाँ से कोई नहीं गया."

"दारातनंच गेली," काशी म्हणाली. "ह्यो तिच्याकडं बगतच हुता."

म्हातारे सुभेदार आले; पूजा तेच करत. त्यांनी बाहेरची कडी काढली.

आत प्रथम पिवळं दिसलं. वीतभर उंचीची, उजेड न पाहिलेली पाती. त्यांच्यापुढं ओळीनं मांडलेल्या उघड्या खुकऱ्या. आणि खुकऱ्यांच्या पलीकडं, धानाला अगदी खेटून हौसा. तांब्यातलं पाणी ओंजळीनं घालत होती. आमच्याकडं तिनं पाहिलंही नाही.

मागं जवान गोळा झाले. कुणी हालत नव्हतं. मी कसाबसा उर्दूत म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. आमच्यात घटाला पाणी पोरीबाळीच घालतात."

सुभेदार आत गेले. त्यांनी तांब्या उचलला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते गुडघ्यांवर बसून हौसाचे पाय धूत होते.

"कल कन्या पूजनी थी," ते कुणाकडं न बघता म्हणाले. "यहाँ कन्या कहाँ से लाते?" मग त्यांनी तिच्या पायांवर कपाळ टेकलं.

"ते कोरडं पडलं हुतं," हौसा म्हणाली.

पहिला टिळा तिला लावला, दहीतांदळाचा. पिवळी पाती कानामागं खोवली. मागच्या भिंतीत एक झरोका होता. निघताना मी त्याचं माप घेतलं. दीड वीत. त्यातून सहा वर्षांची मुलगी जात असेल. मी तसं धरून चाललो आहे.

हौसाच्या आईच्या हातात मी तिचा हात दिला. कोठडीचं तिला सांगितलं, कडीचं सांगू शकलो नाही. नायब तहसीलदारांना रिपोर्ट लिहिला: मुले नेली चौदा, आणली चौदा, शिस्त उत्तम.

पुढं मी कायमचाच मास्तर झालो. इन्स्पेक्टर आले की शेरा ठरलेला असायचा, 'वर्गात गोंगाट फार'. मी त्याखाली मुकाट्यानं सही करत असे. गोंगाट असला की मुलं कुठं आहेत ते कळतं.