दुसऱ्या सुनेचं काय झालं?

विजयेंद्रराव पुस्तक वाचत नाहीत, चघळतात, असं मी आमच्या वाचक मंडळात उघड म्हणायची. ते समोर बसलेले असताना म्हणायची. त्यावर ते शांतपणे मान हलवून, "होय बाई, दात पडले ना," म्हणायचे, की माझीच पंचाईत.

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत त्यांची आणि आमची भिंत एक. त्यामुळे त्यांच्या घरी फोडणी कशाची पडली हे मला कळतं आणि आमच्याकडे भांडण कशावरून झालं हे त्यांना. गृहस्थ छप्पन्न वर्षांचे, मूळ तंजावूरकडच्या मराठी घराण्यातले. गिंडीला नट-बोल्ट करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर क्लार्क. दिवसभर हाताने गेटपास लिहायचे, सकाळी सातला निघायचे आणि संध्याकाळी सहाला परतायचे. परतताना चेहरा असा, की बसमध्ये कुणीतरी तो मागून घेतला आणि वापरून परत दिला. त्यात ते २००४ साल. पाऊस दोन वर्षं रुसलेला, नळ कोरडे, पहाटे पाण्याच्या लॉरीपुढे घागरी लावायच्या. सगळं गावच दमलेलं होतं, पण राव जरा जास्तच.

मी सोलापूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी अठरा वर्षं इथे आहे आणि पुस्तकांच्या निमित्ताने लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला मिळतात म्हणून वाचक मंडळात आहे. खोटं कशाला सांगू!

मंडळ म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पद्मनाभ मास्तरांच्या दिवाणखान्यात जमणारी दहा-बारा माणसं. मास्तर निवृत्त होऊनही शाळेची घंटा घरी घेऊन आलेले. त्यांनी घंटा वाजवली की एकेकाने उभं राहून महिनाभरात काय वाचलं ते सांगायचं आणि मंडळींनी ते का वाचावं हेही सांगायचं. मग जो हात वर करील त्याला ते पुस्तक एका महिन्यासाठी द्यायचं. आत मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदावर परत करणाऱ्याने एक ओळ अभिप्राय लिहायचा. नियम सोपा. पण सॉफ्टवेअरमधली पुण्याची पोरं बाराबारा तास कंपनीत, आम्ही बाया घागरींच्या रांगेत. वाचणार कोण? मलपृष्ठ वाचायचं, पहिलं प्रकरण चाळायचं, शेवट बघायचा आणि "भाषा ओघवती आहे" असं म्हणून खाली बसायचं. त्या एका वर्षात आमच्या मंडळात जेवढी भाषा ओघवली तेवढं पाणी शहराला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

राव तेवढे वेगळे. ते उभे राहायचे आणि सांगायचे, "पुस्तक चांगलं आहे. तीन ठिकाणी डोळ्यात पाणी येतं. दोन ठिकाणी हसू. एक्क्याऐंशी पानावर फार हसू." झालं. बसले. आणि गंमत म्हणजे त्यांनी शिफारस केलेलं पुस्तक कधी वाया गेलं नाही. फक्त एक महिन्याचं पुस्तक ते तीन महिने ठेवायचे.

तर त्या वर्षी जानेवारीत मी एक वात्रटपणा केला. अदिती नावाची मुलगी आदल्या उन्हाळ्यात एक सहाशे चाळीस पानांची कादंबरी घेऊन आली होती. एका जमीनदार घराण्याच्या चार पिढ्या, असं ते प्रकरण. सहा हातांतून फिरून ती माझ्याकडे महिनाभर होती. मी पहिली तीस आणि शेवटची दहा पानं वाचली, उरलेल्या सहाशेंवर पापडांचं पीठ झाकलं आणि मंडळात उभी राहून पाच मिनिटं तिचं गुणगान केलं. वर रावांकडे बोट दाखवून म्हटलं, "राव, ही तुमच्यासाठीच लिहिली आहे. तुम्ही नाही वाचलीत तर लेखकाचे कष्ट फुकट." सगळे हसले. राव उठले, दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं, त्याची जाडी बघितली आणि पिशवीत घातलं.

फेब्रुवारीत विचारलं तर, "वाचूलालोय." म्हणजे वाचतोय, हे त्यांचं तंजावूरचं मराठी. मार्चमध्येही वाचूलालोय. तेवढ्यात अदितीची पुण्याला बदली झाली. पुढच्या रविवारी ती निघणार होती आणि पुस्तक तिच्या आजोबांनी दिलेलं, सही केलेलं. ते परत हवंच. मास्तर घंटा आपटून म्हणाले, "बाई, तुम्ही शेजारी. तुम्ही वसूल करून आणा."

मी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गेले. दार उघडंच होतं. त्यांची बायको त्रिपुरसुंदरी दारातच तांदूळ निवडत बसलेली.

"आहेत का आत, आमचे चघळणारे?"

"आहेत. बघा जा. मज कंटाळा आला सांगून."

आत राव टेबलाशी. एका बाजूला ती कादंबरी, वर वजन म्हणून नारळ. दुसऱ्या बाजूला दोनशेपानी वही. एक वाक्य ओठात म्हणायचे आणि लिहायचे. मी डोकावले. अक्षरं तमिळ. आधी मला वाटलं, गडी भाषांतर करतोय! म्हणून मी म्हटलं, "जरा वाचून दाखवा." त्यांनी वाचलं ते मराठीच. शब्द न् शब्द पुस्तकातला. कादंबरीची कादंबरी हा माणूस तमिळ अक्षरांत उतरवून काढत होता. बाजूच्या फळीवर अशा वह्यांची चळत होती, छपराला टेकायची बाकी.

"हे कोणासाठी हो?"

"अक्कासाठी."

अक्का म्हणजे राजसबाई. त्यांची थोरली बहीण, शहराबाहेर एन्नोरला राहते. मुलगा तिथल्या वीज केंद्रात, सून तमिळ, नातवंडांना मराठीचं वारं नाही. तंजावूरला असताना भावंडं घरात मराठी बोलली, पण शाळा तमिळ. आपली बाळबोध अक्षरं अक्काला कधी आली नाहीत. रावांना आली ती नोकरीच्या आशेने हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. आणि सहा वर्षांपूर्वी अक्काला ऐकू येणं पूर्ण बंद झालं.

"बोललेलं तिला पोचत नाही," राव म्हणाले. "लिहिलेलंच पोचतं. घरात अस्के तमिळ, एकूण एक. आपली भाषा तिच्या वाट्याला एवढीच." त्यांनी वहीवर हात ठेवला. "मी एक वही नेतो, वाचून झालेली परत आणतो. जिथे रडली तिथे ती टिंब देते. हसली तिथे फुली."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्यांच्या अश्रूंवर विसंबून पुस्तकं निवडत होतो, ते डोळे एन्नोरचे होते. जीभ आवरून मी खुर्ची ओढली. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

"किती पानं राहिलीत?"

"एकशे तीस." त्यांनी उजव्या हाताचं बोट दाखवलं. बोटाला चिंधी. "दिवसा गेटपास, संध्याकाळी हे. चष्म्याचा नंबरपण वाढला. हे पुस्तक बाई... फार जाड."

हे कोणी गळ्यात मारलं ते त्यांना आठवत होतंच. पण बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जाऊन बसले. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी लिहायचं. तसं केलं तर वेग दुप्पट होतो. तरी गुरुवारी हिशोब जमेना, रविवार दारात. पाचशे तीस पानापासून पुढे एक जमिनीचा खटला सुरू होत होता. वकील, साक्षीदार, तारखा, पुन्हा तारखा. चौदा वर्षांचा खटला, ऐंशी पानं. वाचता वाचता मलाच जांभया.

"राव," मी म्हटलं, "हा खटला सोडून देऊ. सहाशे दहाला लग्न आहे, तिथून धरू. अक्कांना काय कळतंय?"

"नको बाई. ते बरं नव्हे."

"अहो, मी वाचलंय ना पुस्तक! ह्या पानांत काही घडत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चिंधीच्या बोटाकडे. बाहेरून त्रिपुरसुंदरी ओरडली, "सोडा हो! कोर्टकचेरी वाचून अक्काला कुठे वकील व्हायचंय?"

"सरी," राव म्हणाले. इतक्या दमलेल्या आवाजात, की तो होकार होता की नुसता सुस्कारा, कळू नये.

ऐंशी पानं गेली. शनिवारी कादंबरी संपली. रविवारी पुस्तक अदितीच्या हाती आणि राव वह्या घेऊन एन्नोरच्या गाडीत.

बारा दिवसांनी अक्कांचं कार्ड आलं. तमिळ अक्षरांतलं मराठी. रावांनी ते मला वाचून दाखवलं. "चिरंजीव विजू यास आशीर्वाद. पुस्तक वाचून झालं. लग्नाचं फार छान आहे. पण दुसरी सून गाठोडं घेऊन मागल्या दाराशी उभी होती ती कुठे गेली? तिथून पुढे ती कोठेच नाही. लग्नात पण नाही. दोन वेळा शोधलं. तू दमलास काय रे? दमलास तर तसं सांग. मी यापुढे काही मागणार नाही."

कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"आता नाही मागणार ती," राव म्हणाले. "मी ओळखतो तिला. साखर कमी पडली हे कळलं त्या दिवसापासून चहा सोडलेली बाई ती."

"अहो, सून माहेरी गेली म्हणून लिहा. संपलं."

"गेली काय माहेरी? तुम्ही वाचलंय ना. सांगा."

मी पदराशी चाळा करत राहिले. शेवटी म्हटलं, "राव, मी चाळीस पानं वाचली आहेत."

ते रागावले नाहीत. नुसतं "होय काय" म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी गेले असते.

एप्रिलच्या सभेत मास्तरांनी घंटा वाजवली आणि राव पहिल्यांदाच हात वर करून उभे राहिले.

"मंडळी, एक विचारायचं होतं. त्या जाड कादंबरीतली दुसरी सून गाठोडं घेऊन निघते. तिचं पुढे काय झालं?"

पुस्तकाच्या पुठ्ठ्यातल्या कागदावर सात जणांच्या सह्या होत्या, सातही जण हजर. गंधार नावाचा एक पोरगा, ज्याने कागदावर "शेवटपर्यंत खिळवून ठेवते" असं लिहिलं होतं, खिशातला मोबाइल काढून बघायला लागला.

"गंधार, तुला माहीत असेल," राव खरोखरच्या आशेने म्हणाले.

"काका, ती... म्हणजे ते लेखकाने वाचकावर सोडलंय बहुतेक."

"नाही, नाही," दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "ती विहिरीत उडी घेते."

"विहीर पहिल्या पिढीत," राव म्हणाले. "ती थोरली आत्या."

मग मास्तरांकडे सगळ्यांच्या माना वळल्या. मास्तरांनी घंटा टेबलाखाली ठेवली. "मी त्या काळात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होतो," असं पुटपुटले. ऑपरेशन त्याआधीच्या वर्षी झालं होतं, डबा मीच नेऊन दिला होता, पण त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं.

राव सात चेहरे एकेक करून बघत होते. चिडून नाही. ज्या घरात दहा वर्षं पाहुणे म्हणून गेलो, तिथे कुणी राहतच नव्हतं असं कळावं, तसे. मग खाली बसले.

गंधारनेच अखेर अदितीला पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "अय्या, मी पण नाही रे वाचलंय! आजोबांनी दिलं म्हणून मंडळात आणलं होतं." पण पोर गुणाची. खोकं उघडलं, ऑफिसच्या स्कॅनरवर ती ऐंशी पानं घातली आणि ईमेलने पाठवून दिली. गंधारने ब्राउझिंग सेंटरमधून छापून आणली. पानं तिरकी, कडेला तिचा अंगठा आलेला, पण वाचता येत होती.

सोमवारी संध्याकाळी मी गठ्ठा घेऊन रावांकडे गेले. ते नुकतेच गिंडीहून आलेले. पाय धुऊन, कॉफी न पिता टेबलाशी बसले. बोटाची चिंधी बदललेली. मी वाचायला लागले, ते लिहायला लागले. वकील, साक्षीदार, तारखा. एक संध्याकाळ अशी गेली. दुसऱ्या दिवशी, अकराव्या पानावर, एका जबानीच्या मधोमध दीड ओळ आली. दुसरी सून त्या पहाटे भावाकडे निघून गेली, तिथेच तिने शाळा काढली आणि साक्षीलादेखील ती परत आली नाही.

"सापडली हो!" मी जवळजवळ उडीच मारली.

"कोण?" स्वयंपाकघरातून त्रिपुरसुंदरी.

"पळालेली सून! जिवंत आहे. शाळा काढली तिने!"

"बरं केलं. आता तरी पीठ दळून आणतील काय हे?"

रावांनी ती दीड ओळ सावकाश लिहिली. लिहून पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, डोळे चोळले. उन्हाने आणि वयाने काळवंडलेला तो चेहरा जरा सैल झाला.

"झालं तर मग," मी म्हटलं. "आता एक कार्ड लिहा. सून भावाकडे गेली, लिहिताना नजरेतून सुटलं म्हणा. अक्का खूश. पुढचे एकोणसत्तर कागद मी रद्दीत घालते. ह्यात नुसते वकीलच आहेत, देवाशपथ. ह्या वेळी खरंच बघितलंय मी."

रावांनी बोटाची चिंधी दाताने धरून पुन्हा घट्ट बांधली. चष्मा लावला. वहीचं नवं पान उलटून पट्टीने समास ओढला.

"वाचा बाई," ते म्हणाले.