खंडेनवमीच्या पाटावरची हार्प

पीटकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानेच आदल्या दिवशी ब्रेड भरून परत केलेला डबा धूत होते. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आमच्या शेजारी एकटा राहणारा हा आयरिश म्हातारा मुलांमुळे आम्हा सगळ्यांचाच काका झाला होता. डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमचा नियम त्याने आमच्याहून जास्त पाळला. नियमांवरून आठवलं…

काही वर्षांपूर्वीची खंडेनवमी. पाटावर ड्रिल, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि नवऱ्याचा लॅपटॉप मांडून मी शास्त्र सांगत होते. पुण्यात कधी न पाळलेलं शास्त्र मला मिशिगनमध्ये फार आठवतं. तेवढ्यात पीटकाका स्क्रू-ड्रायव्हर मागायला आला. काखेत हातभर उंचीची लाकडी हार्प, तिची एक खुंटी ढिली होऊन तार लोंबत होती. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्या काळात त्याचा धाकटा भाऊ तुरुंगात होता. तिथले कैदी अशा हार्प हाताने करून घरी पाठवायचे. "मी ही खोक्यातून कधी काढलीच नाही," पीटकाका म्हणाला. "त्याच हातांनी आणखी काय केलं होतं, ते मला माहीत होतं ना." आता भाऊ नव्हता. त्याची मुलगी नोरा शनिवारी शिकागोहून येणार होती. तिच्या बाबांची हार्प तिला भिंतीवर दिसावी, एवढंच त्याला हवं होतं.

"आज हत्यारं वापरायची नसतात," मी म्हटलं. "हीपण ठेवा पूजेत. खुंटी उद्या बसवू. तोपर्यंत हलवायची नाही हं."

"हलवली तर?"

"चालत नाही."

"बरं बाई, शब्द दिला," म्हणत त्याने ती ड्रिलशेजारी टेकवली. मी तिलाही हळद-कुंकू लावलं.

नोरा नेमकी त्याच संध्याकाळी, ठरल्यापेक्षा आधीच आली. भिंत कोरी. हार्प शेजाऱ्यांकडे आहे, तिची पूजा चाललीय, उद्या मिळेल, असं पीटकाकाने तिला सांगितलं… कोण विश्वास ठेवणार? "टाकून दिलीत, एवढं सरळ सांगा ना," म्हणून ती निघून गेली.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. "अहो, मग यायचं ना न्यायला!"

"शब्द दिला होता."

नोराने पुन्हा त्याचा फोन उचलला नाही. त्याने हार्प हॉलमध्ये लावली. कुंकवाचा ठिपका मात्र पुसू देईना. "तो माझा साक्षीदार आहे." आणि खुंटी? ती नोरासमोरच बसवायची.

फ्युनरलनंतर नोरा त्या भिंतीपाशी उभी होती. मी तिला ड्रिलपासून सगळं सांगितलं. तिने ठिपक्यावर बोट टेकवलं, मग ते बोटच बघत राहिली. "मला वाटलं, माझी थट्टा करतायत," ती म्हणाली. ढिल्या खुंटीला हात लावत तिने विचारलं, "तो स्क्रू-ड्रायव्हर आहे अजून?"

मी घरी धावले. तिने खुंटी बसवली, तार एकदाच छेडून बघितली आणि हार्प शालीत गुंडाळून घेऊन गेली.

स्क्रू-ड्रायव्हर डब्याशेजारीच पडलाय. ड्रॉवरमध्ये ठेवायला हात होत नाही.