गाडी क्रॉसिंगला हाय

आमच्या चुलत सासऱ्यांचा जन्म लोकांना खोळंबून ठेवण्यासाठीच झाला होता, याबद्दल आमच्या गावात दुमत नाही. सावर्ड्याच्या बाजारातून आत वळलं की डोंगराच्या पोटात आमची वाडी, आणि खाली नदीपलीकडे रेल्वेचा एकेरी रूळ. लग्न होऊन मी या घरात आले ती भर दुपारी आणि जेवायला बसले ती दिवेलागणीला. कारण मुंबईहून माझी थोरली नणंद पॅसेंजरने येत होती आणि काकांनी अख्ख्या पंगतीला हात आडवा केला होता. "थांबा सगळे. गाडी क्रॉसिंगला हाय," हे या घरात माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य. मी नवी नवरी, पोटात कावळे ओरडतायत, आणि पानातल्या वरणावर साय धरलेली. मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस!

आमच्याकडची गाडी ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे क्रॉसिंग काय ते सांगायला हवं. रूळ एकच. जाणाऱ्यालाही तोच, येणाऱ्यालाही तोच. मग कुणीतरी स्टेशनात बाजूच्या रुळावर सरकून दुसऱ्याला वाट द्यायची. हे कुणीतरी म्हणजे आमची पॅसेंजर. गरिबाघरची सून कशी, कुणीही आलं की हिनेच उठायचं. लांबची गाडी आली, हो बाजूला. मालगाडी आली, हो बाजूला. माणसं खाली उतरतात, पाय मोकळे करतात, पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात, आणि शेजारून कोळसा, सिमेंट आणि खत ऐटीत निघून जातं. त्यात पाठीवर ट्रक घेतलेली मालगाडी दिसली की काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "बघ गं सूनबाई! ज्याला चाकं हायत तो बसून चाललाय, आन् पाय असलेली माणसं हुबी."

हे सगळं ते बघायचे घरामागच्या गडग्यावरून. गडगा म्हणजे काजूच्या बागेला घातलेलं दगडांचं कुंपण. तिथून रूळ दिसतो आणि मोबाईलला रेंजही तिथेच येते, त्यामुळे काकांचं अर्धं आयुष्य त्या गडग्यावर गेलं. नातवाने एकदा मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दाखवायची सोय करून दिली, तर दोन दिवसांत वैतागून म्हणाले, "ह्यातली गाडी पोचली बी, माणसं अजून मागंच." त्यापेक्षा गाडीतल्या माणसालाच फोन करायचे आणि बाहेर काय दिसतंय ते विचारायचे. मालगाडी जाऊ लागली की हातातली काठी हलवून तिला म्हणायचे, "जा बाई, जा. तुझ्या कोळशाची घरी कोण वाट बघतंय?" एकदा तर चढ उतरून थेट स्टेशनमास्तरांपुढे जाऊन उभे राहिले. मास्तर बिचारे भले माणूस. ते म्हणाले, "काका, रूळ एकच आहे, कुणीतरी बाजूला व्हायला लागतंच." त्यावर काका म्हणाले, "व्हायला लागतं ते कळतं हो. पण दरवेळी आमीच का?" मास्तरांनी त्यांना चहा पाजला. दुसरं ते तरी काय पाजणार!

घरातल्या पुतणीच्या लग्नात आंतरपाटाचं एक टोक काकांच्या हातात आलं, आणि दुसरं भटजींच्या मदतनिसाच्या. मंगलाष्टकं संपली, मुहूर्ताची घटका भरली, पण काका काही टोक सोडेनात. नवरीचा मामा गाडीत अडकला होता. भटजी घड्याळ दाखवतायत, नवऱ्याकडची मंडळी कुजबुजतायत, मदतनीस आपलं टोक ओढतोय आणि काका आपले घट्ट धरून उभे. "मुहूर्त उद्या पण लागल. मामा तिला एकच हाय." शेवटी मामा बॅगेसकट मांडवात घुसला, घामाने निथळत नवरीच्या मागे उभा राहिला आणि मगच आंतरपाट खाली आला. एका गणपतीत तर मूर्ती पाटावर तोंड झाकून दुपार उलटेपर्यंत बसून होती, कारण पुतण्या अजून पोचला नव्हता. सासूबाई रडकुंडीला आल्या. काका मूर्तीकडे बोट करून शांतपणे म्हणाले, "त्याला काय कुठं ड्यूटीवर जायचंय?"

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण गावात मयत झालं की काका खरे उभे राहायचे. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला, त्यामुळे कोण गेलं तरी कुणाची तरी वाट बघणं आलंच. आणि वरच्या वाडीतले तात्या या बाबतीत काकांच्या अगदी उलट. तिरडी बांधायची, लाकडं उतरवायची, माणसं हलवायची, हे सगळं गावात तात्यांच्याच अंगावर, माणूस कामाचा, पण जिभेवर एकच शब्द, "आटपा." ऊन कलू लागलं की तात्या म्हणणार आटपा, आणि काका उंबऱ्यात काठी आडवी लावून म्हणणार थांबा. "अरे, दिवस मावळल्यावर नेतात काय कुणाला?" तात्या ओरडायचे. "मेलेल्याला घाई न्हाय, तुला कसली?" काका विचारायचे. मयताच्या दारात दोन म्हातारे असे भांडताना बघून आलेल्या माणसांना रडावं की हसावं ते कळायचं नाही. पण एक खरं, काकांनी थांबवल्यामुळे गावातल्या किती लेकींना आईबापाचं तोंड बघायला मिळालं, हे त्या लेकींना विचारा.

काका असे का, ते मला फार उशिरा कळलं. एका पावसाळ्यात आम्ही दोघं पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो, आणि खालून पॅसेंजर गेली, चक्क वेळेवर. तिच्याकडे बघत ते एकदम बोलायला लागले. त्यांची आई गेली तेव्हा ते मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला होते. निरोप सकाळीच मिळाला, तसेच कामाच्या कपड्यांवर गाडीत बसले. गाडी तीन स्टेशनांत बाजूला काढली. तिन्ही वेळा मालगाडी. "मोबाईल कुठं होते गं तवा? मी निघालोय का न्हाय, ते हितं कुणाला ठावं?" स्टेशनातून पळत चढ चढले, तर वाटेतच गावची माणसं भेटली, नदीवर आंघोळी करून परत येणारी. सगळ्यांची डोकी ओली. सगळ्यात पुढे तात्या. "कुणी काय बोललं न्हाय," काका म्हणाले. "बोलायला नकोच होतं. डोकी बघितली आन् कळलं." मग त्यांनी आठळ्यांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं आणि गडग्याकडे निघून गेले. मला तेव्हा रडू आलं, सांगायला लाज कसली.

यंदा भातकापणीच्या दिवसांत काका गेले. सकाळी उठून चहा घेतला, गडग्यावर जाऊन बसले आणि तिथेच कलंडले. त्यांचा एकुलता मुलगा मंगेश बदलापूरहून मिळेल त्या गाडीने निघाला, आणि मिळाली ती पॅसेंजर. रस्त्याने यावं, तर आमच्या हायवेचं नाव काढायची सोय नाही. दुपार झाली. गाव गडग्यालगतच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून होतं, कुणी विळे टाकून आलेलं, कुणाच्या अंगाला अजून भाताचं कूस चिकटलेलं. तिरडी बांधून तयार. आमची चूल पेटायची नव्हती, म्हणून तात्यांच्या घरून चहाची किटली आली. ऊन कलायला लागलं तशी माणसं एकमेकांकडे बघू लागली. काका असते तर आत्तापर्यंत चार फोन झाले असते. पण उंबऱ्यात काठी आडवी घालायला आज कुणी नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती.

मग तात्या उठले. गुडघे धरत, दोन पोरांच्या आधाराने गडग्यावर चढले आणि माझा मोबाईल मागून घेतला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी मंगेशला फोन लावून स्पीकर चालू करून दिला, त्यामुळे मंगेश बोलला ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "तात्या, गाडी बाजूला काढून ठेवलीय हो. मालगाडी आधी सोडतायत. कधी सुटेल त्याचा काही नेम नाही. दिवस मावळेल. लोकांना उगाच खोळंबून ठेवू नका. तुम्ही... तुम्ही आटपून घ्या."

सगळं खळं तात्यांकडे बघत होतं. जन्मभर ज्यांच्या तोंडी तोच शब्द, त्यांना तो आज दुसऱ्याने दिला होता.

"आटपून घ्या काय, आटपून घ्या?" तात्या एकदम खेकसले. "शाना हायस! गाडी क्रॉसिंगला हाय ना? मग? आमी थांबलाव हितं. तू ये."

फोन माझ्या हातात देऊन ते गडग्यावरच बसून राहिले, काका बसायचे तिथे, रुळाकडे तोंड करून. थोड्या वेळाने खालून मालगाडी गेली, लांबच लांब, पाठीवर ट्रक घेतलेली. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत तात्या बघत होते. मग पुटपुटले, "जा बाई, जा एकदाची." दिवस मावळला. एक माणूस जागचा हलला नाही.

मंगेश आला तेव्हा आम्ही पडवीत दिवा लावला होता. चढ धावत आला होता, शर्ट अंगाला चिकटलेला. बापाची गोष्ट त्यालाही माहीत होती. खळ्यात पाऊल टाकताच तो थांबला, आणि आधी बापाकडे गेला नाही, बसलेल्या एकेका माणसाच्या डोक्याकडे बघत राहिला. सगळ्यांची डोकी कोरडी होती.