एका कार्डावरचा शिधा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या दारात येणार नाही.

आम्ही अकोटला राहतो – मी आणि माझी धाकटी जाऊ वच्छला. दोघींचे नवरे गेले. शेजारशेजारच्या खोल्या, दोन चुली, पण रेशनकार्ड एकच. वेगळं करायचं म्हटलं की कचेरीत कागद मागतात, मग राहूनच गेलं. कार्डावर माझं नाव वर, तिचं खाली.

सणाला रेशन दुकानात शंभर रुपयांत शिधा मिळायचा. रवा, साखर, चणाडाळ, तेलाचं पाकीट. कार्डाला एकच पिशवी. दोघींपैकी कोणीही यंत्रावर अंगठा लावावा, पिशवी आणावी. घरी आली की डाळ-साखर वाटीनं, तेल पेल्यानं – निम्मं तिचं, निम्मं माझं. कधी भांडण झालं नाही.

त्या दिवाळीला तेल महाग, डाळ महाग. किराणा दुकानातून बाया पाव किलोची पुडी घेऊन निघायच्या. तशात वच्छलाच्या लेकीचा पहिला दिवाळसण. जावई येणार. "शिधा आला का करंज्या करतो," असं ती रोज म्हणायची. त्या रव्यावर तिची सगळी भिस्त होती. हे मला माहीत होतं. नव्हतं असं म्हणून कसं चालेल?

ती कपाशी वेचायला गेली होती. मी दुकानात गेले, अंगठा दिला, पिशवी घेतली. वाटेत – काय झालं सांगू? पिशवी जड होती आणि मला ती मोडावीशी वाटेना. अख्खं पाकीट कढईत ओतून चकल्या तळाव्या, इतकंच. मी उपाशी नव्हते. मुलगा थोडेफार पैसे पाठवतो. पिशवी पलंगाखाली सरकवली आणि वरून गोधडी टाकली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "बाई, शिधा आला काय?"

"नाही आला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गेली. काय झालं ते मला रांगेतल्या बायांनी सांगितलं. दुकानदार म्हणाला, "काकू, तुमचा शिधा गेला. मोठ्या बाईनंच नेला." वच्छला त्याच्या अंगावर गेली. "माह्या बाईवर आळ घालतं काय रे? तिच्या हातचं खाऊन संसार केला म्या. शिधा तू गिळला, अन् नाव तिचं?" रांगेतल्यांनीही त्याच्यावर तोंडसुख घेतलं. त्यानं पावती काढून दिली. "घ्या, कोनाकूनही वाचून घ्या."

ती कोणाकडून वाचून घेणार? वच्छला शाळेत गेली नाही. मी चौथी शिकलेली. पावती घेऊन ती माझ्याकडेच आली.

"बाई, वाचा बरं. कोनाचं नाव हाये?"

पावती हातात घेतली. माझं नाव होतं, छपाई स्वच्छ होती. तेव्हाही सांगता आलं असतं – नाही का? पिशवी अजून फोडलेली नव्हती. पलंग दोन हातांवर होता.

"तुहंच हाये," मी म्हटलं.

"मी तं गेलीच नाही!"

"मंग पाय, त्यानंच खोटा अंगठा मारला असंल."

ती तक्रार द्यायला निघाली. मी अडवलं. म्हटलं, कशाले कचेरीच्या चकरा, आपल्यासारख्या बायांचं कोन ऐकते? तिला वाटलं, मला तिची काळजी. तपासणी झाली असती तर यंत्रात माझाच अंगठा निघाला असता, ही काळजी होती. पावती मी चुलीत घातली.

तिनं उसनवार करून करंज्या केल्या. पहिलं ताट मलाच आणून दिलं. मी खाल्ल्या. माझ्या चकल्या तिच्या जावयाला वाढल्या, तेव्हा जावई म्हणाला, "मोठ्या आईच्या चकल्या खुसखुशीत हायेत."

तो दुकानदार नंतर बाजारात भेटला. "मावशी, तुमीच तं नेला होता ना?" चारचौघी उभ्या होत्या. "मी काहून नेऊ?" असं मोठ्यानं म्हणून मी पुढे झाले. त्याचं दुकान चालू आहे, पण गल्लीतल्या बाया अजून त्याला चोरच म्हणतात. वच्छलानं कार्ड दूरच्या दुकानात लावून घेतलं. गुडघे दुखतात तरी दर महिन्याला तिकडे चालत जाते.

शिधा आता बंद झाला म्हणतात. तेलाचा भाव काही उतरला नाही.

परवा तिची लेक आपल्या लहानग्या पोरीला घेऊन माहेरी आली होती. वच्छला तिला म्हणाली, "मोठी झाली का पोरीले शाळेत घालजो वं. आपल्या बाई वाचू शकल्या म्हनून त्या चोराची चोरी तं सापडली. नाहीतं मी बाईवरच शंका घेतली असती."

मी तिथंच बसले होते, तांदूळ निवडत. लेकीनं माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी पण डोलावली.