आखाजीच्या दोन लहान घागरी

मला रहस्यकादंबऱ्यांचं व्यसन आहे, आणि त्यातला गुन्हेगार मला आजवर एकदाही ओळखता आलेला नाही. तरी पुस्तक जेमतेम सुरू झालं की मी आमच्या ह्यांना नाव सांगून मोकळी होते. ते "हं" म्हणतात. शेवटी दुसराच कोणी निघाला की मी लेखकावर रागावते.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही जळगावहून नरडाण्याला दिरांकडे निघालो, तेव्हाही पर्समध्ये असंच एक कव्हर फाटलेलं पुस्तक होतं. त्यात एका बाईची मुलं नाहीशी होतात, आणि सगळं गाव मुलं शोधायचं सोडून तिचं मागचं आयुष्य उकरायला लागतं. गाडीने धरणगाव सोडलं तेव्हा मी निकाल देऊन टाकला, "आईनेच केलंय." ह्यांनी "हं" म्हटलं आणि शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली.

आखाजीला खरं तर बाईमाणसाने माहेरी जायचं. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझ्या भावांचे गुडघे आता गेले आहेत, त्यामुळे ते फोनवरूनच मुराळी होतात आणि मी सासरच्याच पोळ्या लाटते. माझ्या धाकट्या जावेला मात्र फोनसुद्धा येत नसे. ती साक्रीच्या पलीकडच्या एका गावची. दिरांशी तिचं हे दुसरं लग्न. पहिलं घर टिकलं नाही, मूलबाळ काही नाही, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. कमी बोलणारी, कामाला वाघीण. तिला सातेक वर्षांची मुलगी आणि पाचेक वर्षांचा मुलगा. त्या दोघांना ती इतकी डोळ्यांसमोर ठेवायची, की मी एकदा म्हटलं होतं, अगं, पोरं आहेत, दुधाचं पातेलं नाही. ती हसली नव्हती.

दिरांचं घर कारखान्यांच्या बाजूच्या कॉलनीत. मागे पाण्याची टाकी, त्यापलीकडे मोकळं रान आणि रानापलीकडे रेल्वेचे रूळ. सासरे तिथेच राहतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून त्या आखाजीला त्यांच्या नावाने पहिली घागर भरायची होती. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी मातीची घागर पाण्याने भरतात, वर डांगर ठेवतात, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आणि दोन सांजोऱ्या. मोठ्या माणसाची घागर मोठी, लहान वयात गेलेल्याची लहान. जिवंत माणसाच्या नावाने घागर भरायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सासूबाईंची घागर देवघरासमोर भरली. आबांनी पाणी सोडलं. मग मी हात धुवायला मागे गेले, तर टाकीच्या सावलीत, जमिनीवर गहू पसरून, दोन लहान घागरी भरून ठेवलेल्या. प्रत्येकीवर मुठीएवढं डांगर. प्रत्येकीपाशी एक सांजोरी, कडेने हळदीची बोटं. सगळं अगदी नीट, घरात केलं होतं त्याहूनही नीट.

मी तिथे उभी राहून आमच्या घरात लहानपणी कोण कोण गेलं ते आठवून पाहिलं. कोणीच गेलं नव्हतं. पण स्वयंपाकघरातून पोळी जळल्याचा वास आला, आणि ती पोळी माझीच होती, म्हणून मी आत पळाले. जावेकडे बघितलं तर ती खाली मान घालून रस पिळत होती. विचारायचं धाडस झालं नाही. सणाच्या दिवशी असलं काही विचारत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुपारी आमरस, खापरावरची पोळी, रशी म्हणजे आमची झणझणीत आमटी, आणि कुरडया. मी किती खाल्लं ते इथे लिहीत नाही. सगळे जिथे जागा मिळेल तिथे आडवे झाले. खानदेशातली ती वेळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, तेव्हा रात्रीपेक्षा जास्त सामसूम असते. कुत्री गटारात उतरतात. कारखान्याचे पत्रे तापून आपोआप कडकड वाजतात. बाहेर इतका उजेड असतो की त्यात काहीच दिसत नाही.

मला जाग आली ती कूलर बंद पडल्याने. वीज गेली होती. त्या शांततेत कोणीतरी घरभर अनवाणी फिरत होतं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, पुन्हा पहिल्या खोलीत. जाऊ होती. तिने कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, मग माझ्यापाशी येऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, पोरं नाहीत."

असतील शेजारी, असं मी म्हटलं. शेजारी नव्हती. गच्चीवर नव्हती. समोरच्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर नव्हती, जिथे ती सकाळपासून भांडत होती. दीर मोटारसायकल काढून बसस्टँडकडे गेले, आमचे हे कॉलनीच्या फाटकाकडे. शेजारच्या अक्कांच्या सुनेने पोरांचे फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. बघता बघता अंगणात माणसं जमली. जो तो मोबाईल बघत होता. मी टाकीत वाकून पाहिलं. टाकीत फक्त माझंच तोंड होतं.

आणि माझ्या पाठीमागून अक्कांचा आवाज आला, "ह्या धाकल्या घागरी कोनासाठे भरेल शेतस?"

सगळे मागे आले. दोन लहान घागरी, दोन नाहीशी झालेली पोरं. हिशोब कोणाला करून द्यावा लागला नाही. पाणी सकाळीच भरलेलं होतं, डांगराची सालं उन्हाने सुरकुतली होती. म्हणजे पोरं जायच्या आधीच कोणीतरी त्यांच्या नावाने पाणी भरून ठेवलं होतं. माणसं जावेपासून हळूच एकेक पाऊल मागे सरकली. एवढ्यात दीर परत आले. त्यांनी घागरी पाहिल्या, मग बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला आजही आठवायला नको वाटतं.

माझ्या डोक्यात अर्थातच पुस्तक सुरू होतं. धरणगावला दिलेला निकाल घशाशी येऊन थांबला होता. माझं तोंड त्या दिवशी कसं काय बंद राहिलं, कोण जाणे. बहुतेक रसामुळे.

जाऊ रडली नाही. ती सरळ त्या घागरींकडे गेली आणि एक उचलली. डांगर घरंगळून खाली पडलं. "मी सांडून देते," ती म्हणाली. "ते गेले असं मी मानलं, म्हणून हे गेले."

कोणाला काही कळेना. तेवढ्यात गर्दीतून आबा पुढे आले. आबा मोठ्याने बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. "सांडू नको. त्या घागरी मी आणल्या."

मग त्यांनीच सांगितलं, तिच्याकडे न बघता, आम्हा सगळ्यांना. तिला आधीची दोन मुलं होती, सात-आठ वर्षांची मुलगी आणि कडेवरचा मुलगा. गावच्या आठवडे बाजारात ती मीठमिरची घ्यायला वाकली, उठली तर दोघं नव्हती. भर उन्हाळ्यात मुलीच्या पायात चप्पलही नव्हती. पुढे कधीच सापडली नाहीत. गावाने आधी रान धुंडाळलं, मग विहिरी, आणि मग सगळी बोटं तिच्याकडे वळली. नवऱ्याने घराबाहेर काढलं. माहेरानेही दार लावून घेतलं. लग्न जुळवताना मध्यस्थाने हे फक्त आबांच्या कानावर घातलं होतं, आणि आबांनी ते सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग त्याला पाणी द्यायचं. बारा वर्षं झाली होती. तिला ते मान्य नव्हतं. यंदा आबांनीच समजावलं, बाई, असतील तिथे तहानलेली असतील.

जाऊ घागर पोटाशी धरून खाली बसली. तिने पाणी सांडलं असतं तर ती दोघं पुन्हा हरवलेली झाली असती, आणि तिचं वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. नाही सांडलं तर, तिच्या हिशोबाने, ही दोघं गेलीच होती. घागरीतलं पाणी काठावर येऊन परत जात होतं. दीर तिच्या शेजारी मातीत बसले. त्यांनी घागरीला हात लावला नाही, फक्त तिच्या खांद्याला लावला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग अक्कांच्या सुनेचा फोन वाजला. स्टेशनबाहेरचा रसवंतीवाला होता. त्याने दुपारची झोप काढून दुकान उघडलं, ग्रुपवरचे फोटो पाहिले, आणि तीच पोरं फलाटावरच्या बाकड्यावर बसलेली त्याला दिसली.

दीर त्यांना घेऊन आले तेव्हा दोघं उन्हाने लाल झाली होती, बाकी ठणठणीत. पुतण्याच्या डोक्यावर सणाची टोपी होती. तो रागावलेला होता, कारण त्याचं काम अर्धवट राहिलं होतं. सकाळी पोरीने आईला विचारलं होतं, या घागरी कोणाच्या. आई खोटं बोलली नव्हती. तुमची एक ताई आणि एक भाऊ आहेत, लांब आहेत, म्हणाली होती. आता आखाजीला लांब असलेल्या ताईला आणायला कोण जातं, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. भाऊ जातो. तर हे पाच वर्षांचे मुराळी बहिणीचं बोट धरून, रानातून, रूळ ओलांडून ताईला आणायला स्टेशनवर गेले होते.

अंगणात कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मीसुद्धा हसले, आणि त्याला जवळ घेऊन पापा घेतला. अक्का डोळे पुसत जावेपाशी बसल्या. आबा म्हणाले, बरं झालं, रुळाजवळ थांबले नाहीत.

"ताईने थांबू दिलं नाही," पुतणी म्हणाली.

कोण ताई, दिरांनी विचारलं. ती म्हणाली, आपलीच. आम्ही रुळावर दगड मोजत होतो, तर ती पलीकडून हात हलवत आली, म्हणाली बाकड्यावर बसा, सावलीत, बाबा येतील. एवढी माझ्याएवढी आहे. तिच्या कडेवर भाऊ होता.

रसवंतीवाला सांगतो की त्याला पोरं दिसली तेव्हा स्टेशनवर दुसरं चिटपाखरू नव्हतं. मी जळगावला आल्यावर यावर पुष्कळ विचार केला. पोरीने सकाळी ताईचं ऐकलं, दुपारी ऊन लागलं, पोरांना दिसतं असं काहीबाही. पण कडेवरच्या भावाचं तर आबांनी फक्त आम्हाला सांगितलं होतं, टाकीपाशी, पोरं नसताना. असेल, आधी कधीतरी आईच्या तोंडून निसटलं असेल. माझा अंदाज आहे, आणि माझे अंदाज कसे असतात ते मी आधीच सांगितलंय.

अंगणात मात्र त्या क्षणी सगळे मनात वर्षं मोजत होते. बारा वर्षांत वीस वर्षांची होऊन जायला हवी होती ती मुलगी.

जावेने लेकीला जवळ ओढलं. बाकी सगळे प्रश्न आमच्या ओठांवर होते, कशी दिसत होती, कुठे गेली, काय घातलं होतं. तिने एकच विचारलं.

"तिच्या पायात काही होतं का गं?"

पोरीने आठवून पाहिलं. "नाही. पण तिला पोळत नव्हतं."

जाऊ तेव्हा रडली. आबांनी आम्हा सगळ्यांना आत जायला सांगितलं आणि मागचं दार ओढून घेतलं.