मावशी म्हणाली, याला कुलूप नको

मंडळी, सकाळी निघालो भंडारदऱ्याला आणि पोचलो शनी शिंगणापूरला, मावशीकडं. पार उलटी दिशा, माहितीय. माझं असंच असतं.

मावशीकडं तिच्या लेकीचा, पिंकीचा लॅपटॉप आहे. पिंकी लग्न होऊन लांब गेली. त्यातलं विंडोज आता इतकं रखडतं की व्हिडिओ कॉलवर लेकीचा चेहराच अडकून बसतो. म्हटलं, विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही हलकी सिस्टीम त्यात बसवतो.

मावशी घाबरली. "पिंकीनं मांडून ठेवलंय ते सगळं जाईल व्हय रे?"

"न्हाई गं. जुनं जागेवरच राहील, नवं शेजारी बसवतो. चालू करताना पाहिजे ते निवडायचं."

फोटो आधी पेनड्राइव्हवर घेतले, मग कामाला लागलो. मध्येच लॅपटॉपनं नवा पासवर्ड ठेवायला सांगितलं.

"आमच्या घराला दार न्हाई, आन तू याला कुलूप लावतो? उद्या पिंकी आली तर तिनं काय बाहेर उभं राहायचं?"

गुमान आपोआप उघडेल असं करून टाकलं.

दुपारी नव्यावरून कॉल लावला. पिंकी कुठंच अडकली नाही. "आई, किती बारीक झालीस गं!"

कॉल संपल्यावर मावशी म्हणाली, "आता जुनं लाव. पिंकीनं मांडलेलं बघू दे." ते उघडायला लई वेळ लागला. तिला अजिबात घाई नव्हती.

कॉलसाठी नवं कसं निवडायचं ते तिला शिकवलंय. पण काहीच दाबलं नाही तर जुनंच उघडेल, असं ठेवून आलोय. बरोबर केलं ना?