हौसाक्कानं दुसऱ्यांदा विचारलं

कांबळे मास्तरांचं आंतरदेशीय पत्र मला बडोद्यात मिळालं तेव्हा हौसाक्काला जाऊन नऊ दिवस झाले होते. हौसाक्काला लिहिता येत नव्हतं. निपाणीहून मला यायची ती सगळी पत्रं ती सांगायची आणि मास्तर लिहायचे. पहिलं वाक्य ठरलेलं, "पोरी, जेवतीस न्हवं येळंवर?" या पत्रात ते वाक्य नव्हतं. "चि. सुमन" एवढं लिहून मास्तरांनी थोडी जागा मोकळी सोडली होती... पुढचं मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचलं, पण कळलं होतं ते त्या मोकळ्या जागेवरूनच.

मी सातवीत शाळा सोडली, त्यामुळं वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिताना हात कचरतो. चुका होतील. पण हौसाक्काविषयी मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, तेव्हा लिहायला मीच पाहिजे.

ती आमच्या शेजारी राहायची. नातं काही नव्हतं. आई गेल्यापासून आमच्या घरातली बाईमाणसाची सगळी कामं तिनं आपसूक अंगावर घेतली होती. गल्लीतल्या बहुतेक बायकांसारखी तीही बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. बोलताना, हसताना, भांडतानासुद्धा तिची बोटं चालू असायची. मीही तिच्याजवळच बसून शिकले. पान-तंबाखू आणून द्यायचा आणि वळलेल्या बिड्या घेऊन जायचा तो एक ठेकेदार. त्यानं पान दिलं तर चूल पेटायची, न दिलं तर नाही, एवढं सरळ होतं ते.

त्या ठेकेदाराचा मेव्हणा बिजवर होता, दोन मुलांचा बाप. त्याच्यासाठी ठेकेदारानं माझं नाव काढलं आणि निरोप हौसाक्काकडून पाठवला. तिला स्थळ बरं वाटलं. पक्कं घर, दोन एकर ऊस, पोरगी सुखात राहील. ठेकेदार बाहेर बाजल्यावर बसला होता, माझे वडील, आप्पा, त्याला चहा देत होते, आणि आत चुलीपाशी हौसाक्कानं मला विचारलं, करतीस का गं? मी म्हटलं, व्हय. एकोणीस वर्षांची होते. दुसरं काही म्हणता येतं हे मला सुचलंच नाही. त्याच संध्याकाळी साखर वाटली.

त्याच सुमाराला मास्तरांनी गल्लीतला पहिला टीव्ही घेतला. रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यात बायका सूप घेऊनच बसायच्या. तेव्हा एक हिंदी मालिका लागायची, परक्या ग्रहावरची. माणसांचं यान तिथं उतरलेलं असतं, बाहेर श्वास घेता येत नाही म्हणून सगळे काचेच्या घरांत राहतात. तिथंच काचेच्या घरात जन्मलेली एक मुलगी यानावरच्या मोठ्या शास्त्रज्ञाकडं कामाला असते. मला शाळेतलं हिंदी येत होतं, म्हणून मी बायकांना मराठीत सांगत जायची. मास्तरांची बायको म्हणायची, सुमीमुळं आमाला परग्रहावरची भांडणंबी कळाय लागली.

एका रविवारी त्या शास्त्रज्ञानं मुलीला विचारलं, तुझ्या डोक्यातल्या आठवणी काढून यंत्रात भरतो, चालेल का? मुलगी जराशी हसली आणि हो म्हणाली. कागदावर अंगठा टेकवला. मी सांगून टाकलं, ती हो म्हणाली. मास्तरांच्या बायकोनं शेरा मारला, शास्त्रज्ञ देखणा हाय, म्हणून म्हणली आसंल. सगळ्या हसल्या. हौसाक्का हसली नाही.

"सुमे, त्या पोरीच्या खोलीत हवा कुठनं येती?"

मी सांगितलं, भिंतीतल्या नळातून.

"आणि नळाची तोटी कुणाच्या हातात?"

"त्याच्याच की."

हौसाक्काची बोटं थांबली. अर्धी वळलेली बिडी तशीच हातात. तिचे हात थांबलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

मास्तर खुर्चीवरून म्हणाले, त्यानं तोटी बंद करीन असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. विचारलं, तिनं होकार दिला, अंगठाही केला. कायद्यानं यालाच संमती म्हणतात. हौसाक्का म्हणाली, "म्हणाय कशाला पायजे मास्तर? तिला तोटी दिसतीया की." मग जुंपली. मालिका संपून बातम्या लागल्या तरी कुणी उठेना. कुणी म्हणे, त्यानं तिला जगवलं, मग एवढं मागितलं तर काय बिघडलं. कुणी म्हणे, जगवलं म्हणून आठवणी काढून घ्यायच्या व्हय? मास्तरांनी शेवटी जे विचारलं ते मला अजून खरं वाटतं. ते म्हणाले, हौसाबाई, तुमचं मानलं तर गरिबाच्या 'हो'ला काही किंमतच उरत नाही. हौसाक्कानं अर्धी राहिलेली बिडी पुरी केली. सूप उचलून उठताना म्हणाली, "किंमत हाय, म्हणूनच नीट इचाराय पायजे." आणि माझ्याकडं न बघता गेली.

त्यानंतर आठ-दहा दिवस ती आमच्याकडं फिरकली नाही. दोनदा सकाळच्या एसटीनं संकेश्वरला गेल्याचं कळलं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. लग्नाचं सामान बघायलाही ती येईना, तेव्हा मी घाबरलेच.

मग एके दिवशी दुपारी ती आली ती डोक्यावर पोतं घेऊन. पोत्यात पान होतं, तंबाखू होता. संकेश्वरच्या एका दुसऱ्या ठेकेदाराकडून तिनं आमच्या घरासाठी काम ठरवून आणलं होतं. पोतं आप्पांच्या समोर टेकवलं, घाम पुसला आणि मला पुढ्यात बसवलं.

"मागं इचारलं तवा त्यो भाईर बाजल्यावर बसलाता. चूक माझी झाली. आता ह्या घरातलं पान त्येचं न्हाय. आता परत इचारते. करायचं हाय का तुला?"

आप्पा म्हणाले, आक्के, साखर वाटून झाली गावभर. ती म्हणाली, स्थळ मी आणलं हुतं, काय बोलायचं ते लोकांनी मला बोलावं. तुमी जरा गप ऱ्हावा, तिला बोलू द्या.

मी पोत्याकडं बघत होते. मग "नको" म्हणाले. आपल्याबद्दलचा असा शब्द मी त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. छत कोसळलं नाही. आप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण पाचव्या दिवशी पोत्यातलं पान त्यांनी स्वतः भिजत घातलं.

ठेकेदारानं राग काढला तो हौसाक्कावर. तिच्या बिड्यांसारख्या बिड्या गल्लीत कुणाच्या नव्हत्या, पण तो वाईट म्हणून ढीगच्या ढीग बाजूला टाकायला लागला. शेवटी तिनंही त्याचं काम सोडलं. उतारवयात, गुडघे दुखत असताना, ती संकेश्वरच्या वाऱ्या करत राहिली. इकडं मास्तरांच्या ओळखीनं मला बडोद्याच्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं. निघायच्या दिवशी ती स्टँडवर आली आणि मी गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, जायचं नसंल तर आजून उतर. गाडी सुरू झाली तरी तेच. कंडक्टर वैतागला, तेव्हा त्याला कन्नडमध्ये दोन शब्द सुनावले आणि परत मला विचारलं, जातीस न्हवं तुझ्या मनानं?

बडोद्यात मला एकच गोष्ट खायची. माझ्यापायी तिचं चालतं काम गेलं. साखर वाटल्यापासून मी तिच्यापुढं रडवेलं तोंड करून बसायची, तेही एक तोटी आवळणंच नव्हतं का? गेल्या दिवाळीत गेले तेव्हा धीर करून विचारलं. ती खोकत होती, पण सूप मांडीवरच होतं. आधी हसली. मग म्हणाली, "मला न्हाय म्हणाया येत हुतं. तरी मी न्हाय म्हणले न्हाय. ह्येलाच हो म्हणत्यात, येडे." आणि वळलेली बिडी सुपात टाकली. ती आमची शेवटची भेट.

इथं ऑपरेशनच्या आधी पेशंट बाईचा कागदावर अंगठा घ्यायचा असतो. डॉक्टर समजावून सांगून जातात, मग मी बाईजवळ बसते, नवऱ्याला आणि सासूला चहाला पाठवते आणि माझ्या मोडक्या गुजरातीत पुन्हा विचारते. बहुतेक जणी हो म्हणतात. एखादी म्हणते, मला अजून दोन दिवस द्या. मग मी डॉक्टरांना तसं जाऊन सांगते. आधी भीती वाटायची, आता वाटत नाही.

मास्तरांच्या पत्रात शेवटी दोन ओळी आहेत. हौसाबाईंचं सूप माझ्याकडं ठेवलं आहे, तुला हवं असेल तर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. नको असेल तर तसं मोकळेपणानं कळव, मला वाईट वाटणार नाही, पलीकडच्या मुलीला देईन. मास्तरही आता असं विचारतात.

मी उलट टपाली कळवलं, हवं आहे.